जुनी मात्रा

पोलीस खात्यातली नोकरी संपून आता बराच काळ लोटला. खून, दरोडे, दंगे पुष्कळ पाहिले. त्यांतले बरेचसे एकमेकांत मिसळून गेले आहेत. एका माळ्याच्या मृत्यूचा तपास मात्र मनात जसाच्या तसा आहे. त्यात हत्यार नव्हते, चोरी नव्हती, आणि खरे पाहता वैरही नव्हते. तरी एक माणूस जिवानिशी गेला होता आणि दोघांच्या गळ्याशी खुनाचे कलम आले होते. नावे सांगत नाही. त्या घरांतली मुलेबाळे अजून त्याच गावात नांदत आहेत.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता. अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ठाणेदार होतो. गाव कापसाचे. अफू सरकारी ठेक्यावर उघड विकत मिळे. कोणी खोकल्यासाठी खाई, कोणी गुडघ्यांसाठी, कोणी जिनिंगमध्ये रात्रपाळीला उभे राहता यावे म्हणून. पुढे खोकला जाई, गोळी राही. आम्हा पोलिसांचा अफूशी संबंध एवढाच, की ठेक्याबाहेरची, चोरून आणलेली अफू पकडायची. ठेक्यावरची खाऊन कोणाचा संसार बुडाला तर त्याची आमच्या रोजनाम्यात नोंद होत नसे.

ती नोंद माळीपुऱ्यातली माणसे आपली आपण ठेवत होती. पुऱ्याच्या टोकाला एका म्हाताऱ्या पिंजाऱ्याची छपरी होती. सगळे त्याला चाचा म्हणत. जन्मभर कापूस पिंजून त्याच्या छातीत दमा बसला होता, आणि दम्यावर म्हणून धरलेली अफू त्याला वीसेक वर्षे सोडत नव्हती. एका हकिमाने ती सोडवली. रीत सोपी होती. ओवा, सुंठ आणि गुळाच्या काढ्यात अफू विरघळवून बाटली भरायची. रोज ठरलेला घोट घ्यायचा आणि तेवढाच साधा काढा बाटलीत परत ओतायचा. बाटली भरलेली दिसते, अफू मात्र रोज थोडी थोडी निघून जाते. चाचा सुटला, तेव्हा शेजारच्या बायका आपापल्या नवऱ्यांना त्याच्याकडे घेऊन येऊ लागल्या.

बाटलीपेक्षा माणसांचे काम मोठे होते, हे मला पुढे कळले. अफू कमी होऊ लागली की हातपाय मोडून येतात, नाकातून पाणी वाहते, झोप उडते, माणूस घरच्यांच्या अंगावर धावून जातो. अशा दिवसांत त्याला एकटे सोडायचे नाही, हा छपरीचा नियम होता. कोणी पाय रगडत बसे, कोणी गोष्टी सांगे, कोणाच्या घरून भाकरी येई. बाजारात जाताना त्याच्या दोन्ही बाजूंना दोघे चालत, म्हणजे पाय ठेक्याकडे वळू नयेत. त्या छपरीतून सुटलेल्या पहिल्या काही जणांत आमच्या गोष्टीतला माळी होता. त्याची विहिरीवर फुलबाग होती, झेंडू आणि शेवंतीची. त्याची बाटली नुसत्या काढ्याची उरली त्या दिवशी त्याच्या बायकोने पुऱ्यात घरोघर गूळ-खोबरे वाटले होते.

त्यानंतर काही महिन्यांनी, थंडीच्या दिवसांत, सकाळची हजेरी चालू असताना एक माणूस ठाण्यात शिरला. पागोटे सुटलेले, डोळे सुजलेले.

"साहेब, माह्या भावाले इख देल्लं!"

हा माळ्याचा थोरला भाऊ. मूर्तिजापूरच्या बाजूच्या एका खेड्यात त्याची शेती होती. रात्री निरोप मिळाला तसा खाचर, म्हणजे बैलगाडी, जुंपून निघाला आणि सकाळी पोचला.

"कोणी दिले?" मी विचारले.

"त्याच्या बायकोनं अन् त्या पिंजाऱ्यानं. परवा माह्या घरी पोरीचं साक्षगंध झालं. भाऊ चांगला हासत-खेळत होता. काल दुपारी घरी आला, पिंजाऱ्याचा काढा पेला, झोपला तो उठलाच नाई."

"वैर होते का काही?"

"वैर कायचं? अफीम सोडवतो म्हनून कायबाय पाजतात लोकायले. भाऊ वाळून काटी झाला होता. आता तं जीवच घेतला. अन् साहेब, घाईनं नेऊन राहिले त्याले मसनात. लौकर चाला."

मी माणसे घेऊन निघालो. तिरडी बांधून झाली होती. अंत्ययात्रा थांबवणे हे पोलिसाच्या नोकरीतले फार वाईट काम. लोक हाताने अडवत नाहीत, नजरेने अडवतात. पंच बोलावले, पंचनामा केला. अंगावर जखम नव्हती. ओठ आणि नखे निळसर पडली होती. माळीण भिंतीला टेकून बसली होती. प्रेत दवाखान्यात न्यावे लागेल असे सांगितल्यावर ती एवढेच म्हणाली, "न्या. पन लौकर परत आना त्यायले. पोरं उपाशी हायेत."

चाचा स्वतःहून पुढे आला. "काढा म्या धाडला होता साहेब. लोट्यात भरून. थंडीत रोजच धाडतो."

दवाखान्याच्या डॉक्टरांनी प्रेत तपासले. तरुण होते, पण सांभाळून बोलणारे. मादक विषासारखे दिसते, कोणते ते आताच लिहिणार नाही, म्हणाले. पोटातले अवयव बरणीत मोहोरबंद करून, काढ्याच्या लोट्यासह रासायनिक परीक्षकाकडे पाठवले. अहवालाला आठवडेच्या आठवडे लागत.

त्याच दुपारी एक खबर आली. बाजारातला आमचा एक जुना खबऱ्या होता, खरे-खोटे मिसळून सांगणारा. पण त्या दिवशी त्याने खरेच सांगितले. चाचाच्या छपरीमागे धोतऱ्याचे झुडूप आहे आणि वळचणीला त्याची वाळलेली पाने टांगलेली आहेत. झडती घेतली. पाने निघाली. सात-आठ बाटल्याही निघाल्या, काही गडद, काही पाण्यासारख्या. सगळ्यांना मोहोर लावून मुद्देमालात जमा केले.

"धोतरा कशाला ठेवतोस?" मी चाचाला विचारले.

"दम्यासाठी साहेब. पानं चिलमीत घेतो, छाती मोकळी होते. मी कुठं नाई म्हन्तो? उमरभर कापसाचा फुफाटा खाल्ला म्या."

"आणि माळिणीला धोतरा माहीत आहे?"

"तिले काहून माहीत नसन? सोमवारी म्हादेवासाठी धोतऱ्याचं फूल तिच्याच टोपलीतून जाते."

हे त्याने इतके सरळ सांगितले की मला त्याच्याबद्दल वाईट वाटले. आपल्या बोलण्याने कोण अडकते याचा हिशेब तो करत नव्हता. पण खुनाच्या फिर्यादीत कागदावर काय येते ते महत्त्वाचे. धोतरा त्याच्याकडे, अफू त्याच्याकडे, काढा त्याचा, आणि पाजला बायकोने. मी त्याला कोठडीत घेतले. माळिणीला घरीच ठेवून दारावर पहारा बसवला.

गावात कुजबुज सुरू झाली. थोरल्या भावासोबत त्याच्या खेड्यातली दहाबारा माणसे आली होती. मुसलमानाच्या हातचा काढा, हिंदू माणसाचा जीव, असे शब्द चहाच्या दुकानात फिरू लागले. ते कुठवर जातात हे मला ठाऊक होते. छपरीवर दोन शिपाई उभे केले आणि थोरल्या भावाला बोलावून सांगितले, "तुमची माणसे परत पाठवा. न्याय पाहिजे असेल तर तुम्ही एकटे थांबा." त्याने ऐकले. तो धर्मशाळेत राहिला आणि दिवसातून दोनदा ठाण्यावर येऊन बसू लागला. सर्कल इन्स्पेक्टरसाहेबही येऊन गेले. त्यांचे मत स्पष्ट होते: धोतरा असो की अफू, दोन्ही एकाच घरात सापडले आहे, दोघांवर आरोपपत्र तयार करा.

चाचाला कोठडीत टाकल्याच्या तिसऱ्या सकाळी हेड कॉन्स्टेबल आत येऊन म्हणाला, "साहेब, आवारात अफीमबाजायची पंगत बसली हाये."

बाहेर येऊन पाहिले. कडुनिंबाखाली पाच-सहा माणसे बसली होती, थंडीत घाम फुटलेली. कोणी गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडला होता, कोणाच्या डोळ्यांतून पाणी गळत होते. त्यांच्या बायका सोबत होत्या. एकीने शेगडी आणली होती, एक पाय रगडत होती. त्यांच्यातला एक शिंपी उठून उभा राहिला. त्याची बत्तिशी वाजत होती.

मी म्हणालो, "चाचाला सोडा म्हणायला आलात काय?"

"नाई साहेब. तो तुमचा कायदा. पन आमच्या बाटल्या तुमच्या मुद्देमालात बंद हायेत. आज घोट नाई भेटला तं सांजच्याले आमी ठेक्यावर जाऊ. मनानं नाई जानार, पन पाय आयकत नाईत. म्हनून इथं येऊन बसलो. इथून तं तुमी आमाले हलू देनार नाई."

पोलीस ठाण्यापासून दूर पळणारी माणसे मी रोज पाहत होतो. आपल्यावर पहारा ठेवा म्हणून आपण होऊन आलेली माणसे पहिल्यांदाच पाहिली. मोहोर फोडता येत नव्हती, आणि त्यांना हुसकून लावायला जीभ रेटेना.

एवढ्यात कोठडीच्या गजांतून चाचाचा आवाज आला. "शिंपीदादाले पालथा निजवा! पाठ रगडा त्याची. गरम गुळपानी द्या, थंडं नका देऊ. अन् त्या धाकल्याशी कोनी बोलत राहा, तो गप बसला का उठून जाते." बायका तो सांगेल तसे करत होत्या. पहाऱ्यावरच्या शिपायाने त्याला गप्प करण्यासाठी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवून नको म्हटले.

मग डॉक्टरांना बोलावणे धाडले. त्यांनी एकेकाला तपासले आणि आपल्या सहीने दवाखान्यातून औषधाची मात्रा दिली. प्रत्येकाची पापणी वर करून ते डोळा पाहत होते.

"काय पाहता?" मी विचारले.

"बाहुली. अफू तुटली की बाहुली मोठी होते. अफू जास्त झाली की उलट, बारीक होते, अगदी टाचणीच्या टोकाएवढी."

मी एकदम थांबलो. चाचाच्या जबानीत एक वाक्य होते. दिवेलागणीच्या आधी तो माळ्याला पाहायला गेला तेव्हा माळ्याचा श्वास अडखळत होता. त्याने पापणी उघडून पाहिली, तर बाहुली राईच्या दाण्याएवढी झाली होती, आणि काही करायच्या आतच श्वास थांबला.

"आणि धोतऱ्याने?"

"धोतऱ्याने डोळाभर पसरते. शिवाय धोतरा पोटात गेलेला माणूस शांत पडत नाही. बडबडतो, अंथरूण चाचपतो, पाणी पाणी करतो. घोरत घोरत जात नाही."

"म्हणजे अफू. पण अफूही चाचाकडे होती."

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "काढा पिण्याआधी माणूस कसा होता, ते कोणी विचारले आहे का?"

ते विचारायला मी माळिणीकडे गेलो. जबानी घेताना एक गोष्ट पाळावी लागते: आपल्याला हवे असलेले उत्तर प्रश्नात घालायचे नाही. मी तिला म्हणालो, "बाई, तो खाचरातून उतरल्यापासून काय काय झाले ते सगळे सांग. मध्ये काही गाळू नकोस."

तिने डोक्यावरचा पदर नीट केला. "खुशीत होते. उतरल्या उतरल्या लहानीले उचलून घेतलं. साक्षगंधात काय काय झालं ते सांगून राह्यले. अन् सारखे नाक चोळून राह्यले होते, लालेलाल झालं होतं. मी म्हनलं, सर्दी झाली काय? तं हासले. मान खाजवे, पाठ खाजवे. मंग काढा देल्ला."

"सगळा प्यायला?"

"नाई. अर्धाच. म्हने, मले झोप येते. उरलेला मीच पेली. थंडी होती ना."

तिच्याकडून हे आतापर्यंत कोणी विचारून घेतले नव्हते, आणि ते सांगण्यासारखे आहे हे तिला ठाऊक नव्हते. "मग?" मी विचारले.

"मंग झोपले ते घोरायले लागले. साहेब, अफीम सुटल्यापासून त्यायले झोप नव्हती. रातरात बसून काढे मानूस. त्या दिवशी घोरनं आयकलं तं मले वाटलं देव पावला. मी तिथंच हार गुंफत बसली. पोरायले म्हनलं, कल्ला करू नका रे, बाबा झोपले. शेजारीन आली, ती बी म्हने, झोपू दे बिचाऱ्याले." नंतर पदर तोंडाशी धरून म्हणाली, "मी त्यायच्या अंगावर गोधडी टाकली, साहेब. मी त्यायले उठवलं नाई."

डॉक्टरांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, नाक चोळणे, अंग खाजणे, ती खुशी, ही अफू अंगात चढल्याची लक्षणे. म्हणजे घरी पोचला तेव्हाच अफू पोटात होती. आणि घरी येण्याआधी तो एकाच ठिकाणी होता.

थोरला भाऊ संध्याकाळी नेहमीप्रमाणे आला. मी त्याला आत नेले नाही. ओसरीच्या बाकावर बसवले, चहा मागवला, डॉक्टरांनाही बसवून घेतले. माणूस जे लपवायचे ते मारूनही सांगत नाही. ज्यात त्याला काही वावगे वाटत नाही ते नुसते विचारले तरी सांगतो. हा माणूस काही लपवतो आहे असे मला वाटत नव्हते. त्याला फक्त कोणी विचारले नव्हते.

चहा पिऊन झाल्यावर त्याने कमरेची डबी काढली. त्याची अफूची वेळ झाली होती. गोळी वळता वळता तो म्हणाला, "साहेब, अजून कोर्टात नाई धाडलं त्या दोघायले?"

"धाडतो. तुम्ही रोज एवढी खाता?"

"लय वर्षं झाली."

"आणि भाऊ?"

"माह्याएवढीच. आमी दोघं संगंच लागलो. बाप मेला तवापासून."

"साक्षगंधाला आला तेव्हा खाल्ली त्याने?"

तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "सोडली म्हनत होता. पन साहेब, रातभर राबला तो माह्या घरी. मांडव बांधला, पान्याचे हंडे वायले, पाव्हन्यायच्या पंगती उठवल्या. सकायी पाय उचलत नव्हता. नाई म्हने पयले. म्या म्हनलं, माह्या हातची एक घे, घरचं कार्य हाये. मंग घेतली. माह्या शब्दाबाहेर नव्हता तो कधी."

"केवढी दिली?"

"त्याची होती तेवढीच." त्याने बोटांतली गोळी दाखवली. "कमी कायले देऊ? भाऊ व्हय तो माहा."

डॉक्टरांनी पुढे सरकून त्याला समजेल अशा शब्दांत सांगितले. रोज खाणाऱ्याचे शरीर अफू पेलायला शिकलेले असते. सोडली की काही दिवसांतच ते पेलणे विसरते. रोज दोन हंडे वाहणारा गडी लांबच्या दुखण्यातून उठला आणि पहिल्याच दिवशी तेच दोन हंडे उचलायला गेला, तर कोसळतो. तुम्हाला जी मात्रा रोजची, ती सुटलेल्या माणसाला विष.

"पन म्या बी खाल्ली," तो म्हणाला. "त्याच वक्ताले. त्याच डबीतली. मले काई नाई झालं."

"म्हणूनच तुम्हाला संशय आला नाही," डॉक्टर म्हणाले.

त्याने हातातल्या गोळीकडे पाहिले. मग माझ्याकडे. "म्हंजे त्याले म्या…" तो बाकावरून खाली सरकला आणि फरशीवर बसला. एवढा मोठा शेतकरी गडी, पण आवाज न करता, तोंड उघडे टाकून रडत होता. हजेरीला उभे राहिलेले माझे शिपाई मान वळवून दुसरीकडे पाहू लागले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "त्याले आराम पडावा म्हनून देल्ली हो म्या. त्याले आराम पडावा म्हनून."

मी त्याची नवी जबानी घेतली, माळ्याला घरी सोडणाऱ्या गाडीवानाची घेतली. मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे अहवाल ठेवला तेव्हा चाचा जामीनकतब्यावर सुटला आणि माळिणीच्या दारावरचा पहारा उठला. पुढे रासायनिक परीक्षकाचा कागद आला. अवयवांत अफू होती, धोतरा नव्हता; लोट्याच्या तळाशी वाळलेल्या काढ्यात दोन्ही नव्हते. सरकारी वकिलांचे मत पडले की यात खुनाचा हेतू नाही. खाणाऱ्याने जाणून खाल्ली, देणाऱ्याला परिणाम ठाऊक नव्हता. मृत्यू अपघाती ठरला आणि फाईल बंद झाली.

कागद बंद झाले, पण मला सांगायचे आहे ते चाचा सुटला त्या दिवशीचे. चाचाला न्यायला पुऱ्यातली माणसे आली होती, त्यांत माळीण होती. थोरला भाऊ ठाण्याच्या पायरीवर बसलेला होता. जबानी झाल्यापासून तो गावी गेलाच नव्हता. घरी कोणत्या तोंडाने जाऊ, म्हणे. मला त्याची धास्ती वाटत होती. अशी माणसे विहीर गाठतात. शिपायांना त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगितले होते.

माळिणीने त्याला पाहिले. आमच्याकडे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, म्हणजे भासऱ्याशी, बाई थेट बोलत नाही. तिने पदर कपाळाखाली ओढला, त्याच्याकडे पाठ केली आणि मला म्हणाली, "ठानेदारसाहेब, माह्या भासऱ्यायले सांगा."

"काय सांगू?"

"सांगा, का गावी जाऊ नका. इथं चाचाच्या छपरीत राहा. बाटली भरून घ्या."

तो पायरीवर दोन हातांनी डोके धरून होता. तोही माझ्याकडेच पाहून बोलला. "साहेब, तिले म्हना, म्या तिच्यावर खुनाचा आळ घेतला. तिचं कुंकू म्या पुसलं."

"त्यायले म्हना, मले ठावं हाये," ती म्हणाली. "मी बी गोधडी टाकून बसली होती. आमाले दोघायलेबी ठावं नव्हतं. आता ठावं हाये. एक गेला. दुसरा बी तिकडं एकटा बसून डबी खाईन, तं पोरीचं लगन कोन करन? सांगा त्यायले."

दोघांमध्ये मी उभा होतो. माझ्या अंगावर सरकारी वर्दी होती आणि मी निरोप पोचवत होतो. खरे तर निरोप पोचवायची गरज नव्हती, दोघांना सगळे ऐकू जात होते. चाचा कोठडीतून नुकताच बाहेर आलेला, दम लागलेला. तो पायरीजवळ आला आणि त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "उठो भाई. इथं बसून काय व्हनार? डबी फेकू नको, एकदम फेकली का मानूस टिकत नाई. चाल, बाटली भरू." ज्याच्या फिर्यादीवरून त्याला कोठडीत जावे लागले त्याला तो हाताला धरून घेऊन गेला.

मुद्देमालातल्या बाटल्या मी कायदेशीर रीतीने परत केल्या. त्यानंतर छपरीत काही गोष्टी बदलल्या. डॉक्टर आठवड्यातून एकदा तिथे जाऊ लागले. अफू जास्त झाली तर माणसाला झोपू द्यायचे नाही, धरून चालवायचे, नाव घेऊन हाका मारत राहायचे, ओकारी काढायची आणि तोवर एकाने दवाखान्याकडे धावायचे, हे त्यांनी पुऱ्यातल्या बायापुरुषांना करून दाखवले. पोट धुवायची जांभळी दवा दवाखान्यात कायम तयार राहू लागली. माळीण फुलांची टोपली घेऊन घरोघर जाई तेव्हा ज्या घरात सुटलेला माणूस असेल तिथे टेकत असे आणि आपल्या नवऱ्याचे घोरणे सांगत असे. दर वेळी ते सांगताना तिला काय होत असेल, ते तिलाच ठाऊक. शिंप्याच्या घरी असाच प्रसंग आला. तो सुटल्यावर एका लग्नात घसरला. बायकोने घोरणे ऐकले आणि किंचाळत रस्त्यावर आली. पुऱ्याने त्याला उभा केला, चालवत चालवत दवाखान्यात नेला. तो वाचला. त्याने पुन्हा बाटली भरली, आणि कोणी त्याला हिणवले नाही.

पुढे माझी अकोल्याला बदली झाली. तिथे माझ्या हाताखाली एक जमादार होता, कामाला चोख, पण अफूच्या आहारी गेलेला. वरिष्ठांकडे कागद गेला असता तर त्याची नोकरी गेली असती. मी रजा काढून त्याला घेऊन त्या गावी गेलो. चाचा आता थकून खाटेला लागला होता. छपरीत बाटल्यांपुढे थोरला भाऊ बसला होता. त्याची सुटका सोपी नव्हती झाली. मधे एकदा खेड्यात जाऊन तो पुन्हा डबीला लागला होता आणि आपल्या पायांनीच परत आला होता. मुलीचे लग्न करून, शेती जावयाच्या स्वाधीन करून तो इथेच राहिला होता. मला पाहून उभा राहिला आणि त्याने नमस्कार केला.

गुन्ह्याच्या तपासात आमचा पहिला प्रश्न असतो, कोणी केले. तो प्रश्न सोडून चालत नाही. पण त्या प्रकरणानंतर अफूने किंवा दारूने झालेल्या मृत्यूचा पंचनामा करताना मी आणखी एक गोष्ट विचारत असे: जवळ कोण होते, आणि त्यांना काय माहीत होते. बहुतेक वेळा जवळ माणसे असत, जीव लावणारी असत, आणि त्यांना काहीच माहीत नसे. आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे असे तिथे कोणी सापडत नसे. त्या अज्ञानावर कलम लावता येत नाही. ते घालवायला पुऱ्यातल्या माणसांनाच उठावे लागते, आणि मी पाहिले की ती उठतात.

मी जमादाराला पुढे केले आणि म्हणालो, "याला सोडवायचे आहे."

थोरल्या भावाने त्याच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, मग दाराबाहेर नजर टाकली.

"एकटेच आले काय हे?" तो म्हणाला. "बायको, भाऊ, कोनी? त्यायले आना साहेब. यायची बाटली भरतो मी, पन पयले त्यायले समजून सांगा लागते."